मेणबत्ती विझल्यावर पाणी वर का चढते?

प्रश्न (शिक्षिका, गुहागर)
सहावीच्या वर्गात हवेच्या दाबाचे प्रयोग घ्यायचे आहेत. परातीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवला, की ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. 'प्राणवायू जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली' असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. परंतु प्राणवायू हळूहळू कमी होत असताना पाणी विझल्यावरच झपकन का चढते, असे एका विद्यार्थिनीने विचारले. तिला काय सांगावे? धोका नसलेला आणखी एखादा प्रयोगही सुचवावा.

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षक, मालवण)
मुलीची शंका रास्त आहे. ज्योतीच्या उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग ग्लासाच्या कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटतो. ज्योत विझताच उरलेली हवा थंड होऊन आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा परातीतले पाणी आत रेटते. खर्च झालेल्या प्राणवायूची जागा बऱ्याच अंशी कार्बन डायऑक्साइड भरून काढतो. पडताळा हवा असल्यास तोच ग्लास तीन मेणबत्त्यांवर ठेवावा: प्राणवायू तेवढाच, पाणी मात्र अधिक चढते. पाण्यात थोडे कोकमाचे आगळ घातले, तर शेवटच्या बाकावरूनही पातळी दिसते. मेणबत्ती शिक्षकांनीच पेटवावी, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर (पालक, देवगड)
शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा चेपण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो, पण तो मोठ्यांनीच करावा. डब्यात दोन चमचे पाणी उकळून भरपूर वाफ येऊ लागली, की सांडशीने तो गार पाण्याच्या घमेल्यात उपडा करावा. वाफेचे पाणी होते आणि डबा क्षणात चेपतो. तोंड बंद केलेला डबा कदापि तापवू नये.

उत्तर (पंप दुरुस्ती, राजापूर)
आमच्याकडच्या खोल विहिरींत पंप काठावर न ठेवता आत टप्प्यावर का बसवतात, हेही मुलांना दाखवावे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण तो केवळ नळीतला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि समुद्रसपाटीला तिचा जोर सुमारे 10.3 मीटर उंचीच्या पाण्याला तोलण्याइतकाच असतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांपलीकडे भरवसा नसतो. विहिरीशी मुलांना नेण्याऐवजी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ लहान भोक पाडून ती भरावी: झाकण घट्ट लावले की धार थांबते, सैल केले की पुन्हा सुरू होते. बाटली मात्र दाबू नये, नाहीतर झाकण लावूनही पाणी उडते.