मेन बेअरिंगसाठी इंजिन खोलायचे आहे: आधी काय काय ठरवून ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एक सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, सेकंडहँड घेतलेली मोटरसायकल आहे. इंजिन तापल्यावर खालच्या बाजूने घरघर ऐकू येते, रेस वाढवली की तिचा सूर चढतो आणि फूटरेस्टवर कंप जाणवतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबला तरी आवाजात फरक पडत नाही. मेकॅनिकच्या मते मेन बेअरिंग (पिस्टनमुळे फिरणारा क्रँक ज्यांवर टेकतो त्या दोनांपैकी) गेले असून ‘फुल इंजिन’ करावे लागेल. एवढे काम काढायचेच असेल, तर फक्त दोन मेन बेअरिंग बदलून भागेल, की क्रँकही करून घ्यावा? आणि सुटे भाग आधीच आणून ठेवावेत की इंजिन खोलल्यावर? आधीच्या मालकाच्या काळात इंजिन कधी उघडले गेले होते का, याची मला काहीच माहिती नाही.

उत्तर १

क्लच दाबल्यावरही आवाज तसाच राहतो, त्यामुळे गिअरबॉक्सवरचा संशय बराच कमी होतो. परंतु टायमिंग चेनचा टेन्शनर, मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या, वीज बनवणाऱ्या रोटरचा) सैल झालेला नट आणि प्रायमरी गिअर हे संशयित अजून शिल्लक आहेत आणि यांपैकी कशासाठीही सहसा क्रँककेस (क्रँकभोवतीचे दोन अर्धांचे कवच) उघडावी लागत नाही. म्हणून मेकॅनिकचे निदान खरे धरण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात, असे मी सुचवेन.

पहिली तपासणी ऑइलची. इंजिन गरम असताना ऑइल काढून ते स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळावे आणि उरलेल्या गाळावरून लोहचुंबक फिरवावा. काळपट, मऊ पूड बहुधा क्लच प्लेटची असते, तिची चिंता नको. पण चुंबकाला चिकटणाऱ्या चकचकीत, पातळ खपल्या दिसल्या तर कुठल्यातरी बेअरिंगच्या किंवा गिअरच्या पोलादी पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागले आहेत, असे समजावे. दुसरी तपासणी मॅग्नेटच्या बाजूची. कव्हर आणि स्पार्क प्लग काढून रोटर दोन्ही हातांनी धरावा व वर-खाली हलवून पाहावा. आत-बाहेर किंचित सरकणे काही इंजिनांत चालते, वर-खाली हाताला लागेल असा प्ले (ढिलेपणा) मात्र चालत नाही.

इंजिन आधी उघडले होते का, हे ते स्वतःच सांगते: केसच्या सांध्यातून बाहेर आलेले सीलंट, घासलेली स्क्रूची डोकी, मॅग्नेटच्या नटावर छिन्नीचे घाव.

उत्तर २

मी क्रँक प्रेसचे काम करतो, म्हणून तेवढ्याच भागाविषयी लिहितो. मेन बेअरिंग आणि बिग एंड (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे क्रँकपिनवरचे टोक) एकाच ऑइलवर चालतात; मेन बेअरिंगमधून सुटलेले पोलादाचे कण बिग एंडच्या रोलरखाली गेले नसतील, असे गृहीत धरता येत नाही. क्रँक हातात आल्यावर कनेक्टिंग रॉड क्रँकपिनच्या दिशेने ओढून आणि दाबून पाहावा. बाजूला सरकण्याइतकी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते आणि ती फीलर गेजने मोजून सर्व्हिस मॅन्युअलशी ताडता येते. ओढ-दाबाच्या दिशेने मात्र जाणवेल असा प्ले असता कामा नये. तसा प्ले निघून पिन बदलावी लागली, तर त्यानंतर क्रँक व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने तपासून घेतला आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण वाकडा बसलेला क्रँक नवे बेअरिंगही थोड्याच काळात खाऊन टाकतो.

बेअरिंग घेताना जुन्याच्या कडेवरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, शेवटच्या अक्षरांसकट. ‘६३०४’ म्हणजे आतील व्यास २० मिमी आणि बाहेरचा ५२ मिमी, एवढे सर्वांना कळते. पण पुढे ‘सी३’ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे. हे बेअरिंग घट्ट बसवले जाते आणि इंजिनात तापते, त्यामुळे ती जास्तीची मोकळीक लागते. साधे बसवले तर ते आवळून चालते.

बसवताना हातोडा नको. केस अ‍ॅल्युमिनिअमची असते, बेअरिंग पोलादाचे. अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. केसमधले बेअरिंग बसायचे ५२ मिमीचे घर ८० अंशांनी तापले की सुमारे ०.०९ मिमी रुंदावते. केस भट्टीत साधारण १०० अंशांपर्यंत एकसारखी तापवून, फ्रीझरमध्ये ठेवलेले बेअरिंग सरळ धरले तर ते बहुधा आपल्या वजनानेच आत बसते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण ‘खोललेच आहे तर सगळे बदला’ या नेहमी मिळणाऱ्या सल्ल्याला माझा विरोध आहे. ऑइल सील, गॅसकेट, पिस्टन पिनचे सर्क्लिप हे नवेच हवेत. गिअरबॉक्सची बेअरिंग धुऊन, वाळवून हाताने सावकाश फिरवावीत आणि खडबडीत लागतील तीच बदलावीत. चांगले बेअरिंग उगाच ओढून काढण्याने घर खराब होण्याची शक्यताच वाढते.

खर्चाचा खरा धोका दुसरीकडे आहे. बेअरिंगची बाहेरची रेस (बाहेरचे कडे) केसमध्ये फिरलेली असेल, तर घर चकचकीत व सैल झालेले दिसेल. मग स्लीव्ह बसवणे किंवा केस बदलणे एवढेच मार्ग उरतात. केसचे दोन्ही अर्ध जोडीने मशीन केलेले असतात, त्यामुळे एकच अर्ध दुसऱ्या इंजिनातून आणून भागत नाही. शिवाय इंजिन क्रमांक केसवरच कोरलेला असल्याने कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून सील, गॅसकेट आणि मेन बेअरिंग आधी आणावीत, पण क्रँक आणि केसचा निर्णय मोजमाप हाती येईपर्यंत थांबवावा आणि तोवरचा खर्च मेकॅनिककडून वेगळा लिहून घ्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ऑइल गाळले, चुंबकाला खपल्या चिकटल्या आणि रोटरला वर-खाली प्ले स्पष्ट जाणवला. सांध्यातून लाल सीलंटही बाहेर आलेले आहे, म्हणजे इंजिन पूर्वी खोललेले दिसते. क्रँक मोजल्याशिवाय पुढचे काम करायचे नाही, असे मेकॅनिकशी ठरले आहे.

उत्तर २

लाल सीलंटचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत आणि बारीक मार्गांत अडकतात आणि बेअरिंगला ऑइल पोहोचत नाही. आपले बेअरिंग कदाचित त्यामुळेच गेले असेल. जाळी, ऑइल पंप आणि सिलिंडर हेडकडे जाणारा मार्ग दाबाच्या हवेने साफ करून घ्या आणि जोडणीनंतर पहिले ऑइल थोडेसे चालवूनच बदला.