बारा वर्षांचा गीझर : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार. आमच्याकडे २५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर असून त्याला आता बारा वर्षे झाली आहेत. गेल्या आठवड्यापासून तो सुरू केला की काही मिनिटांतच ईएलसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) पडतो, आणि खालच्या बाजूने पाण्याचे थेंबही गळू लागले आहेत. मेकॅनिकने कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह बदलण्याचे २,६०० रुपये सांगितले, आणि त्याच दमात ‘एवढ्या जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवाच घ्या’ असेही सुचवले. फाइव्ह स्टार गीझरला नऊ-दहा हजार लागतील असे दिसते. वाघूर धरणाचे पाणी रोज येत नसल्यामुळे टाकीत बोअरचे पाणी मिसळावे लागते आणि ते बरेच क्षारयुक्त आहे. घरात वृद्ध आई-वडील आहेत. निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हतनूर (भुसावळ)
दादा, यंत्राचे वय बाजूला ठेवा आणि गळणारे पाणी नेमके कुठून येते ते आधी पाहा. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह हे झिजणारे, बदलायचेच भाग आहेत. आतली टाकी मात्र बदलता येत नाही, त्यामुळे ती शाबूत आहे की नाही यावरच सगळा निर्णय अवलंबून आहे.

थेंब केवळ पाणी तापत असताना आणि थंड पाण्याच्या नळीवरील सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांवर नेले की ते पाव-अर्धा लिटरने फुगते, आणि परतीची वाट बंद असल्यास ते वाढीव पाणी तिथूनच बाहेर पडते. हा व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये. कॉइल जिथे बसवलेली असते त्या चकतीच्या कडेने पाणी येत असेल, तर गॅस्केट बदलल्यावर ते थांबते. पण यंत्र बंद असतानाही बाहेरच्या आवरणातून तांबूस पाणी झिरपत असेल, किंवा थंड पाणी स्वच्छ असताना फक्त गरम पाण्याच्या नळाला गंज येत असेल, तर टाकी आतून सडली आहे असे समजावे आणि त्यावर एक रुपयाही घालू नये.

ईएलसीबी पडण्याचे कारण बहुधा कॉइलमध्ये आहे. क्षारांचा थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, तिचे बाहेरचे कवच प्रमाणाबाहेर तापते, अखेर त्याला चीर जाते आणि प्रवाह पाण्यात उतरतो. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी तेव्हा पडतो, म्हणजे तो आपले काम चोख करत आहे. तो काढून टाकण्याचा किंवा थर्मल कटआउट (पाणी जास्त तापल्यास वीज तोडणारा भाग) वगळून ‘डायरेक्ट’ जोडणी करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नये.

मेकॅनिक यंत्र उघडेल तेव्हा समोर उभे राहून ॲनोड रॉड दाखवायला सांगा. काचेसारखा मुलामा दिलेल्या लोखंडी टाकीत हा मॅग्नेशिअमचा दांडा स्वतः झिजतो आणि टाकीला गंजण्यापासून वाचवतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तो दर दोन वर्षांनी तरी पाहावा. सर्व्हिसिंगच्या पावतीवर मात्र तो क्वचितच दिसतो.

पांझरा (धुळे)
वरील तांत्रिक माहिती पटण्यासारखी आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. बारा वर्षांच्या यंत्राची टाकी आज शाबूत निघाली, तरी ती पुढे किती टिकेल याची हमी कोणी देणार नाही. अनेक कंपन्या टाकीची वॉरंटीच पाच ते सात वर्षांची देतात. घरात वृद्ध माणसे असताना आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या पाव हिश्शाहून अधिक होत असताना, मी तरी नवाच घेईन.

मात्र फाइव्ह स्टारसाठी जादा पैसे देण्यापूर्वी विचार करावा. स्टार ठरतात ते तापलेले पाणी नुसते उभे असताना किती उष्णता गमावते यावरून. आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी बटण लावून नंतर बंद करणाऱ्या घरात हा फरक फारसा जाणवत नाही. त्यातून आपल्या खान्देशात गीझर चालतो तो दिवाळीनंतर होळीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवरची टाकीच इतकी तापते की बंद गीझरमधले पाणीच अंगावर घ्यायला बरे वाटते! तसेच ८ बार दाबाचे, उंच इमारतींसाठीचे मॉडेल दुकानदार आग्रहाने दाखवतात. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असली तरी दाब १ बारच्या आसपासच भरतो, तेव्हा प्रेशर पंप नसल्यास त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. क्षारांच्या पाण्यासाठी मुलामा दिलेली कॉइल आणि आयएसआय चिन्ह या दोन गोष्टी मात्र सोडू नयेत.

सातपुडा (चोपडा)
सौर यंत्राचा विचार केला आहे का? ऊन आपल्याकडे मुबलक आहे. फक्त क्षारयुक्त पाणी काचेच्या नळ्यांत थेट फिरवू नये, कारण नळ्यांत थर साचून वर्षागणिक पाणी कमी तापू लागते. अशा पाण्यासाठी हीट एक्स्चेंजर (नळ्यांतल्या वेगळ्या द्रवाची उष्णता वापराच्या पाण्याला देणारा भाग) असलेली रचना मिळते. ती महाग असली तरी टिकते. आमच्या गल्लीत अजूनही काही घरांत तांब्याचा बंब आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) हीच जोडी चालते, पण शहरातल्या बाथरूमसाठी तो पर्याय नव्हे.

गिरणाकाठ (जळगाव)
सर्वांचे आभार. काल मेकॅनिकसमोर यंत्र उघडले. पाणी चकतीच्या कडेनेच येत होते आणि कॉइलवर पांढरा जाड थर होता. ॲनोडची केवळ तार उरली आहे. टाकीच्या आत बॅटरी मारून पाहिले असता तळाजवळ गंजाचे दोन-तीन ठिपके दिसले. आता काय करावे?

हतनूर (भुसावळ)
ॲनोड संपल्यानंतर मुलाम्याखालून गंज डोकावू लागला असेल, तर माझेही मत पांझराताईंच्या बाजूने झुकते. ठिपके नसते तर मी नक्कीच दुरुस्ती सांगितली असती. नवा गीझर घ्या; अर्धी-अधिक माणसे एकापाठोपाठ आंघोळ करणारी असतील तर २५ लिटर ठेवा, अन्यथा १५ लिटर पुरतो आणि एका वेळी २० ते ६० अंशांसाठी १.२ऐवजी ०.७ युनिट लागते.

बसवण्यापूर्वी अर्थिंग मात्र तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावे आणि वायरमनला मीटर लावून रोध मोजायला सांगावा. दिवा लावून ‘पेटतो आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.