युद्धात गेलेल्या पोराच्या नावाची चर्चमधली खिडकी: मला नाही पटत

उंबरठा:
इंग्लंडमधली जुनी चर्च बघताना एक गोष्ट कायम खुपते. पहिल्या महायुद्धानंतर कितीतरी गावांत युद्धात गेलेल्या एकेका पोराच्या नावाने स्टेन्ड ग्लासची, म्हणजे रंगीत काचांच्या चित्राची, आख्खी खिडकी बसवलीये. चिलखत घातलेला सेंट जॉर्ज (ड्रॅगन मारणारा संत), पायाखाली ड्रॅगन, आणि कधीकधी चेहरा मात्र घरच्या फोटोवरून काढलेला, मिसरूड नुकतं फुटलेलं, भांग नीट पाडलेला. खाली 'देवाच्या गौरवार्थ आणि अमक्याच्या प्रेमळ स्मृतीस'. आणि त्याच भिंतीवर जरा पुढे एक पाटी, तिच्यात गावातले बाकीचे गेलेले, आडनाव नि आद्याक्षरं, एकाखाली एक, संपलं. खिडकी कोणाला मिळाली? ज्याच्या बापाकडे पैसे होते त्याला. बहुतेक लेफ्टनंट नाहीतर कॅप्टन. शेतमजुराच्या पोराला एक ओळ. तिकडे फ्रान्स-बेल्जियममध्ये वॉर ग्रेव्हज कमिशनने (युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणारं, १९१७ चं) हट्टाने नियम केला की जनरल असो नाहीतर शिपाई, कबरीवरचा दगड एकाच मापाचा, ८१३ मिलिमीटर उंच. आणि गावात देवाच्याच घरात परत मानाची जागा वेगळी!

शारदा_का:
असहमत, आणि जरा रागानेच असहमत. तो एकाच मापाचा दगड बघायला समुद्रापार कोण जाणार होतं हो? १९१५ पासून मृतदेह घरी आणायला बंदी होती, आणि कित्येकांचं तर काही सापडलंच नाही, फ्रान्समधल्या एकट्या थीपव्हालच्या स्मारकावर अशा बेपत्ता लोकांची ७२,००० च्या वर नावं आहेत. मग आईने रडायचं कुठे? ती खिडकी म्हणजेच तिच्यासाठी त्याची कबर होती. दर रविवारी सकाळी ऊन आलं की पोराचा रंग बाकावर पडतो, तिथे ती बसणार. त्यात तुम्हाला श्रीमंती दिसली, मला नाही दिसत.

उंबरठा:
बंदीचंच बोलायचं तर एप्रिल १९१५ मध्ये विल्यम ग्लॅडस्टन नावाचा तरुण खासदार मारला गेला, माजी पंतप्रधानांचा नातू. त्याचा देह राजाच्या परवानगीने घरी आणला गेला. त्यावर बोभाटा झाला आणि मग बंदी कडक झाली. म्हणजे वशिला आधी, नियम नंतर. मी आईच्या रडण्यावर बोलत नाहीये, पाटीवरच्या पोरालाही आई होती एवढंच म्हणतोय.

काचकाम:
भांडण चालू द्या, मधेच थोडं काचेचं सांगतो, मी काही वर्षं दुरुस्तीच्या कामात हात काळे केलेत. निळा, लाल हे रंग काचेतच असतात, निळा कोबाल्टचा, त्याला शंभर वर्षांत काही होत नाही. चेहरा मात्र वरून रंगवलेला असतो, लोखंडाचा ऑक्साइड आणि काचेची पूड कालवून काळपट रंग करतात आणि भट्टीत सहाशे-साडेसहाशे डिग्रीला भाजून काचेवर बसवतात. भट्टी कमी पडली की तो नीट धरत नाही आणि आतून पाणी धरलं की हळूहळू सुटतो. मी एक काच हातात घेतली होती, ढाल, तलवार, ड्रॅगनचे खवले सगळं लख्ख, आणि चेहऱ्याच्या जागी एक भुवई आणि हनुवटीची रेघ. कोणाचा होता ते खालच्या ओळीवरून कळायचं. तेव्हा उंबरठा, काळ तुमच्याच बाजूने आहे :)

निवांत बोका:
मला पैशापेक्षा तो ड्रॅगन खटकतो. पोरगं चिखलात गॅसने मेलं आणि खिडकीत चकचकीत चिलखत. केंब्रिजशरमधल्या स्वॉफम प्रायरच्या सेंट मेरी चर्चमध्ये बघा, खंदक, रणगाडा, झेपेलिन (बॉम्ब टाकणारं जर्मन हवाई जहाज), दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बाया, सगळं काचेत. निदान खरं तरी आहे.

शारदा_का:
बोका, खरं बघायला ती आई चर्चमध्ये येत नव्हती हो.

रेघोट्या:
मग काढूनच टाका सगळ्या, वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलने २०१७ मध्ये ली आणि जॅक्सन या अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापतींच्या खिडक्या काढल्या तशा. सुरुवात झाली की थांबत नाही.

उंबरठा:
काहीच्या काही. त्या १९५३ च्या खिडक्या गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींच्या, मेलेल्या पोरांची आठवण म्हणून नव्हत्याच. काढा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, वर जाऊन वाचा.

शारदा_का:
बरं, तुमच्या लाडक्या समानतेचं ऐका. लेडी फ्लोरेन्स सेसिल, तीन मुलगे युद्धात गेलेले, तिने १९१९ मध्ये आठ हजारांवर सह्या गोळा करून विनंती केली की सरसकट दगड नको, निदान क्रॉस तरी लावू द्या. कमिशनने ऐकलं नाही. घरच्यांना दगडाच्या तळाशी फक्त ६६ अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. ज्यांना परवडलं त्यांनी घराजवळ खिडकी केली. मी असते तर मीही केली असती, दागिने विकून.

उंबरठा:
त्या ६६ अक्षरांनाही सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेनी मागत होते.

शारदा_का:
हे नव्हतं माहीत. ते चूकच. खिडकीबद्दल माझं म्हणणं तेच.