हिरव्या दोरीचा गठ्ठा

इनामदार काका (बी-३०२), सकाळी ७.५२
सुप्रभात. घरी रंगकाम चालू आहे म्हणून शुक्रवारी थोडं सामान जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यात हिरव्या दोरीनं बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा होता. काल बघतो तर दोरी सुटलेली, १४ कागदांपैकी ११ च शिल्लक. ज्यांनी नेले त्यांनी कृपया आणून द्यावेत. ती रद्दी नव्हती.

शिंदे (सेक्रेटरी), ८.०५
काका, पॅसेज मोकळा ठेवायचा हे मागच्या मीटिंगला ठरलंय. चपलांच्या स्टँडवरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

इनामदार काका, ८.०७
स्टँडचा विषय वेगळा. हे मी तुम्हाला विचारून ठेवलं होतं. हिरव्या दोरीचा गठ्ठा. ३ कागद कमी आहेत.

भोसले काकू (ए-१०४), ८.१५
हॉलच्या टेबलावर फेविकॉल सांडून वाळलाय. रविवारी पोरांचा कार्यक्रम ज्यांनी घेतला त्यांनी बघावं. परवा माझ्या भिशीला तेच टेबल लागतंय.

विकी (सी-४०१), ८.१६
काकू, फेविकॉल आहे म्हटल्यावर भिशी आता फुटत नाही 😄

माने काका (ए-२०३), ८.३१
मुळात व्हॅलेंटाईनच्या फुलदाण्या पोरांना शिकवायच्याच कशाला? १४ ला ते, आणि १५ ला महाशिवरात्र. तिची कुणाला आठवण नाही.

मोहिते वहिनी (सी-२०१), ८.३४
माने काका, पोरांनी आई-बाबांसाठी केल्यात. त्यात वाईट काय आहे? आणि महाशिवरात्रीच्या खिचडीची वर्गणी आम्हीच गोळा करायलोय. तुमची अजून यायची आहे.

माने काका, ८.३५
मी १ तारखेलाच दिली. शिंद्यांना विचारा.

शिंदे (सेक्रेटरी), ८.४०
वही बघून सांगतो.

इनामदार काका, ८.४१
विषय बदलू नये ही विनंती. कागद मोडीतले आहेत, माझ्या आजोबांच्या वेळचे. २०१९ च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा माळ्यावर होते म्हणून वाचले. घरात आता मोडी वाचणारं कुणी नाही. मार्चमध्ये एकांकडून वाचून घ्यायचे ठरले होते.

मोहिते वहिनी, ८.४४
काका, मोडी म्हणजे वर सलग रेघ आणि खाली गोल गोल जोडलेलं अक्षर का?

इनामदार काका, ८.४५
होय. आधी रेघ ओढायची, मग बोरू न उचलता लिहीत जायचं. का विचारता?

मोहिते वहिनी, ८.५८
(फोटो)
काका, मला काय बोलावं कळेना. आमच्या आर्यानं बाटलीची फुलदाणी केलीय, तिच्यावर दोन कागद चिकटवलेत. तिसरा फाडला होता, त्याचे तुकडे डब्यात आहेत. जिन्यात पडलेत म्हणून रद्दी समजली ती. आता रडायलीय. माफ करा.

विकी, ८.५९
हा मेसेज डिलीट केला आहे.

देसाई (बी-१०१), ९.०३
कोमट पाण्यात बाटली बुडवून ठेवा, कागद आपोआप सुटतो. मी व्हिडिओ बघितलाय.

चव्हाण मॅडम (सी-१०३), ९.०४
नको! कुणीही पाण्यात घालू नका. तो सल्ला बाटलीवरचं कंपनीचं लेबल काढायला ठीक आहे. ओला कागद ओढला की फाटतो, आणि जुनी शाई पाण्यानं पसरली की अक्षर कायमचं गेलं. बाटलीला हात लावू नका.

भोसले काकू, ९.०६
टेबलाचं काय?

चव्हाण मॅडम, ९.२१
इनामदार काका, चूक पोरीची नाही, माझी आहे. मी पोरांना सांगितलं, "घरून जुना कागद आणा." झेरॉक्स आणा म्हणायला हवं होतं. आर्यानं पुढं केला तेव्हा मला मोडीची प्रतच वाटली. हातात घेतला असता तरी कळलं असतं, जुना हातकागद बोटाला लगेच कळतो. वीस पोरांत ते राहून गेलं. तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि हे माझ्याकडून व्हावं, याचं फार वाईट वाटतं.

ज्यांच्या बाटल्या अजून व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी: अस्सल जुना कागद, पत्र, लग्नपत्रिका, काहीही असो, चिकटवू नका. लेझरची झेरॉक्स काढा. इंकजेटची प्रिंट घेऊ नका, गोंद लागला की तिची शाई पळते. झेरॉक्स चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली की जुना रंग छान येतो. कडा कात्रीनं न कापता हातानं फाडा, म्हणजे जोड दिसत नाहीत. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून खाली एक हात, वर एक हात, आणि मधून बाहेर बोटानं दाबत हवा काढा. रात्रभर वाळल्यावरच वार्निश.

कदम आजोबा (ए-३०१), ९.३०
मॅडम बरोबर सांगतात. प्रभात कंपनी १९२९ ला याच कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. त्या काळातल्या सिनेमाच्या जाहिराती आमच्या वडिलांनी जपल्या होत्या. मी कॉलेजला असताना घरच्यांनी किलोवर घातल्या. अजून चुटपुट लागते.

माने काका, ९.३३
म्हणूनच म्हणत होतो, हे व्हॅलेंटाईन वगैरे...

मोहिते वहिनी, ९.३४
काका, आत्ता नको. 🙏

शिंदे (सेक्रेटरी), ९.३६
माने काकांची वर्गणी वहीत आहे. १ तारीख. नोंद माझ्याकडून पुढं गेली नव्हती. मोहिते वहिनी, यादी दुरुस्त करा.

इनामदार काका, ९.५०
फोटो मोठा करून बघितला. आजोबांची सही डाव्या बाजूला दिसते. त्यांचं अक्षर मी ओळखतो, वाचता येत नाही. मोहिते वहिनी, पोरीला रागावू नका. आधी बाटलीचे सगळ्या बाजूंनी, उजेडात, जवळून फोटो काढा. वार्निश मारलंय का?

मोहिते वहिनी, ९.५२
नाही काका, आज मारणार होतो.

चव्हाण मॅडम, ९.५३
मग अजून थोडी आशा आहे. पण ते काम जुनी कागदपत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. घरी कुणी करू नये.

इनामदार काका, ९.५५
डब्यातले तुकडे लहान-मोठे सगळे द्या. कोपरा हरवला तरी ओळ जाते.

भोसले काकू, १०.०२
सगळं पटतंय. पण हॉलच्या टेबलावर फेविकॉल वाळलाय.

चव्हाण मॅडम, १०.०४
भोसले काकू, सहा वाजता मी आणि आर्या येतो. ओलं फडकं ठेवून मऊ झालं की निघेल.

मोहिते वहिनी, १०.०६
आर्या म्हणते, बाटली आणि डबा तीच काकांना देणार.

इनामदार काका, १०.११
सहाला मीही खाली येतो. बाटली पिशवीत घालू नका, हातातच धरून आणा. कागद घासतो.