गोचिडीच्या आजारांचा धोका पुरुषांना अधिक की स्त्रियांना?

वसंतविहारची वाचक:
आम्ही ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहतो. पाऊस सरल्यावर माझे यजमान मित्रांबरोबर टेकडीवर फिरायला जातात आणि मीही अधूनमधून त्यांच्यासोबत असते. अमेरिकेत लाइम हा गोचिडीमुळे होणारा आजार पुरुषांमध्ये अधिक आढळतो, असे नुकतेच वाचनात आले. हा फरक शरीराचा आहे की सवयींचा, आणि आपल्याकडे तो लागू पडतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त वैद्यक, वाशी:
ताई, अमेरिकेत नोंदलेल्या लाइम रुग्णांमध्ये पुरुषांचे प्रमाण काहीसे अधिक आहे, आणि त्यातही पाच ते नऊ वर्षांचे मुलगे व पन्नाशीपुढचे पुरुष ठळकपणे दिसतात. उलट स्वीडनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये हा आजार त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त आढळला आहे. फरकाचे मूळ केवळ शरीरात असते, तर तो दोन्हीकडे एकाच दिशेने दिसायला हवा होता. म्हणून उंच गवतात कोण किती वेळ काढतो, अंगावरची गोचीड कोण शोधतो आणि पुरळ उठल्यावर दवाखान्यात कोण लवकर जातो, या गोष्टींना मी अधिक महत्त्व देतो. अनेक पाहण्यांमध्ये अंग तपासण्याची दक्षता स्त्रियाच अधिक घेताना दिसल्या आहेत, याचे माझ्या पिढीतील पुरुषांना तरी नवल वाटू नये.

आपल्याकडे मात्र लाइमची चिंता दुय्यम आहे. सिंधुदुर्गातील माकडताप हा गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप आणि रिकेट्सिया जंतूंमुळे येणारा गोचीडताप हे आपले प्रश्न आहेत.

दोडामार्गकर, सध्या घणसोली:
माकडतापाविषयी थोडे लिहितो. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा आजार 2016 मध्ये आमच्या तालुक्यात पोहोचला. त्याचा जोर साधारण डिसेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतो, आणि नेमका तोच काजूचा हंगाम असल्याने बागेत जाणे कोणालाच टाळता येत नाही. काजू गोळा करायला स्त्री-पुरुष दोघेही असतात. पण सरपण आणि पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, आणायचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असते, आणि गोचिडीची पिल्ले त्या पातेऱ्यातच असतात. साडी वर खोचून वाकल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. गोचीड दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे तेल आरोग्य केंद्रातून मिळत असे, परंतु त्याची माहिती ज्या बैठकांत दिली जाई, तेथे पुढे पुरुषच बसलेले असत, हे मी स्वतः पाहिले आहे.

श्वानप्रेमी, खारघर:
जंगलात न जाणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरात, भिंतीच्या फटीतही वाढते, आणि गोचीडतापाचे जंतू तिच्यामार्फतही पसरू शकतात. कुत्र्याला आंघोळ घालणारी व्यक्ती, मग ती गृहिणी असो वा मदतनीस, या धोक्याच्या सर्वांत जवळ असते. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये.

वसंतविहारची वाचक:
सर्वांचे आभार. अंग तपासताना स्त्रियांनी कोणती वेगळी काळजी घ्यावी? शिवाय माझी सून गरोदर आहे; तिने अंगाला कीटकरोधक लावले तर चालेल का?

निवृत्त वैद्यक, वाशी:
केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली आणि स्तनांखाली पाहावे. कोरियात स्क्रब टायफसच्या रुग्णांचा अभ्यास झाला. तो आजार गोचिडीने नव्हे तर माइट या अतिशय बारीक जीवाच्या अळीने होतो, पण चाव्याच्या जागी पडणाऱ्या काळ्या खपलीबाबत तो उपयोगी आहे. पुरुषांत ही खपली मुख्यतः बेंबीखाली, तर स्त्रियांत छातीच्या पुढील भागावर अधिक आढळली. आपल्याकडे संकोचामुळे स्त्रियांची पूर्ण तपासणी होत नाही आणि निदानाची ही खूण नजरेआड राहते. तेव्हा ताप आल्यास स्त्री डॉक्टरकडून तपासून घ्यावे, आणि जंगलात गेल्याचे किंवा कुत्र्याच्या संपर्काचे न विचारताच सांगावे. गोचीड चिकटलेली दिसल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी व जागा साबणाने धुवावी. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी लावू नये.

सूनबाईंविषयी सांगायचे तर, डीट असलेले कीटकरोधक वेष्टनावरील सूचनेप्रमाणे उघड्या त्वचेवर लावायला गरोदरपणातही हरकत नसते. परमेथ्रिन हे कीटकनाशक मात्र गोचिडीपासून बचावासाठी फक्त कपड्यांवर फवारायचे असते. फवारलेले कपडे पूर्ण वाळल्यावरच घालावेत.