चार भेटींनंतर त्रास वाढला तर

जुन्या मानसिक आघातासाठी बहीण थेरपी घेतेय, पण चार भेटींनंतर तिची झोपच उडाली, थेरपी बंद करावी का, असं एकाने विचारलंय. तडकाफडकी बंद करू नका. पुढच्या भेटीत मात्र तिने हेच सगळ्यात आधी सांगावं. बहुतेकदा घाई नडते. मन स्थिरावण्याआधीच जुनी घटना उकरली जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला, आघातातून सावरण्याचा क्रम असा: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिल्या टप्प्यालाच कित्येक आठवडे लागू शकतात, लागू द्यात. ५० मिनिटांच्या भेटीतली शेवटची १० मिनिटं सावरण्यासाठी राखायला सांगा: पाय जमिनीवर टेकवायचे, दिसणाऱ्या ५ वस्तूंची नावं घ्यायची, श्वास घेण्यापेक्षा सावकाश सोडायचा. उघड्या जखमेनिशी कुणाला रिक्षात बसवू नये.

घरच्यांचं काम याहून अवघड आहे. 'विसर आता' म्हणू नका. 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' एवढं विचारा. रोज २० मिनिटं देता येणार नसतील तर आठवड्यातून दोनदाच कबूल करा, पण ती वेळ चुकवू नका. दुखावलेलं माणूस शब्दांपेक्षा हेच तपासत असतं. तिचं बोलणं काळजीपोटीसुद्धा मावशीच्या कानावर घालू नका. घातलंच असेल तर त्याच दिवशी कबूल करा, सबबी न सांगता. अशी दुरुस्ती झाली की विश्वास परत धरू लागतो.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. तिला एकटी सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा.