एमएस-सीआयटी झालं, टायपिंग झालं, तरी बेरीज मोबाइलवरच?

भोसरीकरीण : आमच्या छोट्या कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. गेल्या महिन्यात ऑफिस असिस्टंटच्या एका जागेसाठी नऊ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. एमएस-सीआयटी सगळ्यांचं झालेलं, सहाजणांचं टायपिंगही. प्रत्येकाला एकच काम दिलं. एक्सेलच्या एका शीटमध्ये कामगारांचे टोकन नंबर आणि नावं, दुसरीत टोकन नंबर आणि ओव्हरटाइमचे तास. नावापुढे तास आणायचे आणि बेरीज करायची.

सातजण एकेक नंबर डोळ्यांनी शोधून तास हाताने टाकायला लागले. एकीने तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि आलेला आकडा टाइप केला. व्ही-लूकअप, म्हणजे दुसऱ्या शीटमधली जुळणारी माहिती आपोआप आणणारं सूत्र, क्लासमध्ये शिकवलं होतं, असं पाचजण म्हणाले. एका मुलाला सूत्र आठवलं, पण उत्तर येईना तेव्हा तो थांबून गेला. जमलं फक्त एका मुलीला. ती म्हणाली, "या शीटमधले नंबर डावीकडे चिकटलेत, म्हणजे ते टेक्स्ट आहेत, म्हणून जुळत नाहीत. आधी आकडे करून घेते." ती दोन वर्षं मामांच्या खताच्या दुकानात स्टॉक लिहीत होती. शिकली ती तिथे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. क्लासमध्ये मेनू शिकवतात, ऑफिसचं काम शिकवत नाहीत. मुलांचे पैसे आणि महिने त्यात जातात, याचं मला वाईट वाटतं.

तालुक्याचा_मास्तर : ताई, अजिबात पटलं नाही. माझा क्लास आहे, म्हणून बोलतोय. एमएस-सीआयटी 2001 साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्यासारख्या गावांत किती मुलींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो याच कोर्समुळे. तो साक्षरतेचा कोर्स आहे, नोकरीचं प्रशिक्षण नव्हे. दहावी झालेल्या मुलीला फोल्डर म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. शिवाय बऱ्याच सरकारी नोकऱ्यांत ते किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतंच.

आणि एक विचारतो, राग मानू नका. त्या जागेचा पगार किती ठेवलात? नवख्याच्या पगारात तयार माणूस हवा, ही कारखान्यांची जुनी सवय आहे. पूर्वी हेडक्लार्क नव्या पोराला सहा महिने शेजारी बसवून शिकवायचे. ती जबाबदारी तुम्ही सोडलीत आणि बोल क्लासला लावताय.

आवक_जावक : पंचायत समितीत लिपिक आहे. टायपिंगला कमी लेखू नका. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं आणि तो वेग रोज उपयोगी पडतो. साहेब टिपणी सांगतात तेव्हा कळा शोधत बसलं तर कसं चालेल?

माझी तक्रार वेगळीच आहे. कित्येकजण अजून कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून येतात; त्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं. कागदावर छान दिसतं, पण तो मजकूर ईमेलमध्ये टाकला की नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं. लाभार्थ्यांची यादी अकारविल्हे लावली की क्रम भलताच लागतो, कारण संगणकाच्या लेखी तिथे 'क' नसतोच. गेल्या वर्षी अशी अख्खी यादी आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप केली. तीन दिवस गेले. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून युनिकोडच हवं.

लेकीचा_बाप : मुलगी यंदा बारावी कॉमर्स. आयटीआयचा कोपा हा संगणकाचा कोर्स एक वर्षाचा आहे. तो करावा की हेच दोन्ही कोर्स?

आवक_जावक : @लेकीचा_बाप कोपा करू द्या. वर्षभर रोज मशीनवर बसणं होतं, हात बसतो. टायपिंग संध्याकाळी जमेल.

भोसरीकरीण : मास्तर, पगाराचं बोललात ते लागलं, कारण खरं आहे. आम्ही जो आकडा ठेवला होता त्यात खोलीभाडं आणि डबा भागवून हातात फारसं उरत नाही. त्या मुलीला घेताना मालकांशी बोलून थोडा वाढवून घेतला. शिकवण्याची जबाबदारीही मान्य.

पण "साक्षरतेचा कोर्स आहे" हे तुम्ही प्रवेश घेताना पालकांना सांगता का? बहुतेक क्लासच्या बोर्डावर "नोकरीची हमखास संधी" असंच लिहिलेलं असतं. माझ्यासमोर बसलेली मुलं त्या ओळीवर विश्वास ठेवून आली होती. त्यांना पत्र लिहायला सांगितलं तर विषय, संदर्भ, जावक क्रमांक कुठे येतो ते माहीत नाही. तीस पुरवठादारांना एकच पत्र पाठवायचं तर तीस वेळा नाव बदलणार, मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं पत्रात आपोआप भरून घेणं, सुचणार नाही.

तालुक्याचा_मास्तर : माझ्या बोर्डावर तसं लिहिलेलं नाही, पण शेजारच्याच्या आहे, हे कबूल. अभ्यासक्रम मला बदलता येत नाही. शनिवारची बॅच मात्र माझ्या हातात आहे. तुमची ती ओव्हरटाइमची शीट नावं काढून पाठवाल का? पोरांना तीच देतो.

भोसरीकरीण : आज रात्री पाठवते. टोकन नंबर टेक्स्टमध्येच ठेवते, बदलू नका.